तारेला हात लावण्याआधी

आमच्या घरात दिवा लावायची एक रीत होती. आधी पायात चपला आहेत का बघायचं, मग हात कोरडे पुसायचे, डावा हात पाठीमागे न्यायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबायचं. ही रीत दादांनी घालून दिली होती. दादा म्हणजे माझे मोठे दीर.

लग्नाआधी नवऱ्यानं मला एवढंच सांगितलं होतं, "दादाचं विजेशी जरा वाकडं आहे." मला वाटलं, बिलावरून कटकट करत असतील. घरात आले तर फ्रीज उघडताना दादा आधी हाताची मागची बाजू दाराला टेकवून बघत. गरम असलेल्या भांड्याला लावतो तशी, हळूच. करंट लागला तर तळहात मिटून तिथेच चिकटतो, पालथा हात सुटतो, असं ते म्हणत. मिक्सर चालू असला की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे थांबत आणि चहा हवाय हे लांबूनच सांगत. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवत. हीटरचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

माणूस मात्र लाखात एक. उंच, किडकिडीत, बोलणं मऊ. टायरच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेऊन तिथे ते गिटार शिकवायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, म्हणजे करंट आला की पेटणारा तो छोटा स्क्रूड्रायव्हर, कायम. मुलं त्यांना 'टेस्टरकाका' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. फक्त एखादा मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला की ते त्याला जिन्यातच गाठायचे. "ती घरी वाजव हं. इथे लाकडाची चालते."

आणि हाच माणूस एकेकाळी रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. 'अर्धी खिडकी' हे गाणं त्याचंच. तुम्ही ते ऐकलं नसेल असं होणार नाही. केस कापायच्या दुकानात लागतं, बसमध्ये लागतं, दूधवाला शिट्टीवर वाजवत जातो. दादा आणि त्यांचा गायक मित्र तरुणपणी एका खोलीत राहायचे. तिथल्या खिडकीचं एक दार रंगानं चिकटून कायमचं बंद झालेलं, त्यामुळे समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी मुलगी यांना नेहमी अर्धीच दिसायची. 'अर्ध्या खिडकीतून तू अर्धीच दिसतेस, उरलेली मी रोज नव्यानं रंगवतो.' शब्द मित्राचे, चाल दोघांची, आणि मधला तो गिटारचा तुकडा, ज्याच्यावर लोक अजून हवेत बोटं नाचवतात, तो दादांचा.

मित्राचा आवाज घोगरा, म्हणून सगळे त्याला घोगऱ्या म्हणत. त्याचं काय झालं ते मला नवऱ्यानं लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तेही एका दमात, माझ्याकडे न बघता.

मोकळ्या मैदानावर कार्यक्रम होता. संध्याकाळी धूळ बसावी म्हणून स्टेजच्या आजूबाजूला पाणी मारलं होतं. माइकची वीज एका ठिकाणाहून घेतलेली, गिटारच्या अ‍ॅम्पची, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याची, दुसरीकडून, जनरेटरवरून. अ‍ॅम्पच्या आत कुठेतरी वायर सुटून पत्र्याला टेकली होती आणि अर्थिंगचा पत्ता नव्हता. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, त्यामुळे त्या तारांतही वीज आलेली. दादांच्या पायाखाली लाकडी फळी आणि पायात रबरी बूट. त्यांना फक्त बोटांत झिणझिण्या जाणवल्या. त्यांनी सांगितलंसुद्धा. साउंडवाला म्हणाला, घामानं होतं तसं.

'अर्धी खिडकी' शेवटाला ठेवायचे. शेवटच्या ओळीला घोगऱ्या एका हातात माइक धरून दादांजवळ यायचा आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्यांच्या गिटारवरून खर्रकन ओढायचा. लोकांना ते फार आवडायचं, त्याची वाटच बघायचे. त्या दिवशीही तो आला. त्यानं पंजा तारांवर टाकला आणि तो तिथेच राहिला.

"लोक टाळ्या वाजवत होते," नवरा म्हणाला. "तो थरथरत होता आणि लोकांना वाटलं, नाटक करतोय. मी पहिल्या रांगेत होतो. मीपण वाजवल्या."

नंतर गाणं गाजलं ते गाजलंच. दादांनी गिटार पेटीत ठेवून ती माळ्यावर टाकली. अ‍ॅम्प भंगारात गेला.

भीती कशी असते बघा, ती एका माणसापुरती राहत नाही. मी शाळेत गणित शिकवते, दादा मला 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि पुराव्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही असा माझा स्वतःबद्दल समज होता. पण दोनेक वर्षांत मीही वॉशिंग मशीनला हाताची मागची बाजू लावून बघायला लागले. इस्त्रीचा प्लग काढला का, म्हणून निम्म्या जिन्यातून परत फिरायला लागले. आणि आमच्या मुलीला, टिकलीला, तर हे बोलायला शिकण्याआधीपासून दिसत होतं. तिच्यासाठी तीच जगाची रीत होती.

टिकली दुसरीत होती तेव्हा एका रविवारी दुपारी रेकॉर्ड कंपनीच्या बाई घरी आल्या. तरुण, चटपटीत, बोलण्यात गोड. बँडची सगळी निवडक गाणी एकत्र करून कंपनी अल्बम काढणार होती. नाव अर्थातच 'अर्धी खिडकी'. प्रकाशनाचा छोटा कार्यक्रम होता. दादांनी तिथे ते एकच गाणं वाजवावं, आवाज घोगऱ्याचाच, जुन्या रेकॉर्डिंगमधला.

दादा हसले. "मी आता शिकवतो फक्त. लाकडाच्या गिटारवर वाजवू का?"

"सर, त्या गाण्याला ती गिटार शोभणार नाही, तुम्हाला माहीत आहे." मग बाईंनी फोन काढला. "आणि आमच्याकडे एक भारी गोष्ट आलीये. कोणीतरी कार्यक्रमात केलेलं रेकॉर्डिंग, याच गाण्याचं. शेवटी घालायचा विचार आहे. ऐका ना."

त्यांना माहीत नव्हतं हो. बिचाऱ्यांनी बटण दाबलं.

खरखर, लोकांचा गलका आणि त्यातून गिटार. मी ती गिटार इतक्या जवळून कधी ऐकली नव्हती. नवरा दारात उभा होता, तो भिंतीला टेकला. दादा खुर्चीत तसेच बसून होते, हसू अजून चेहऱ्यावर विसरल्यासारखं राहिलेलं. घोगऱ्या गात होता. शेवटची ओळ जवळ आली तसे दादा उठले, शांतपणे चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. फोनमध्ये 'उरलेली मी' एवढंच आलं. मग एक जाड गुणगुण, जशी ट्रान्सफॉर्मरजवळ ऐकू येते, आणि टाळ्या. कितीतरी टाळ्या.

"काय झालं?" बाई विचारत होत्या. नवऱ्यानं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. सांगायचं माझ्यावर आलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दादा अंधार पडायच्या आत परत आले. पण त्या दिवसापासून सगळंच वाढलं. ते बाहेरून आले की घरभर फिरून एकेक सॉकेट टेस्टरनं तपासायचे. टिकलीला बाथरूममध्ये दिवा लावायला ते स्वतः जायचे. एकदा ती अनवाणी पंख्याच्या बटणाकडे गेली तर दादा असे ओरडले की तिचा श्वासच अडकला. आमच्या घरात त्याआधी दादांचा चढा आवाज कोणी ऐकला नव्हता.

शाळेत टिकलीच्या वर्गशिक्षिकेनं मला मधल्या सुट्टीत थांबवलं. "तुमची मुलगी कॉम्प्युटरच्या तासाला हात पाठीमागे बांधून बसते. माउस धर म्हटलं तर रडते. घरी काही झालंय का?"

मी म्हटलं, बघते. काय बघणार होते?

त्याच आठवड्यात मी संध्याकाळी वह्या तपासत बसले होते. बाहेर उजेड संपत आलेला. बाथरूमच्या बोळात कसलातरी आवाज आला म्हणून गेले, तर टिकली अंधारात भिंतीला चिकटून उभी. पायाखाली ओलं. फ्रॉक ओला. बटण तिच्या डोक्याच्या जरा वर, हात पोचेल एवढ्यावर होतं.

"अगं, दिवा का नाही लावलास?"

"पायात चपला नव्हत्या," ती म्हणाली. "आणि आता तर ओलं पण झालं. आई, तू इकडे येऊ नकोस."

तू इकडे येऊ नकोस. सात वर्षांची पोर मला वाचवत होती.

तिला धुऊन, कपडे बदलून मी तडक दादांच्या खोलीत गेले. मोठ्या दिराशी मी कधी त्या सुरात बोलले नव्हते. "दादा, तुमचं दुःख मोठं आहे, मला मान्य आहे. पण माझी मुलगी स्वतःच्या घरात अंधारात उभी राहून कपडे ओले करते. शाळेत तिचे हात पुढे येत नाहीत."

"हे तिनं माझ्याकडून घेतलं?"

"मग कोणाकडून?"

मला वाटलं ते रागावतील, निदान रडतील. त्यांनी फक्त मान हलवली आणि विचारलं, "झोपली का ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून पेटी खाली आली. दादांनी वायरमन बोलावला, घराचं अर्थिंग नव्यानं करून घेतलं आणि तो काम करत असताना इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्हीच करा, मी बघतो." मग उसना आणलेला अ‍ॅम्प बाहेरच्या खोलीत मांडला. रविवारची सकाळ. आम्हाला सगळ्यांना जागा नेमून दिली. नवरा मेन स्विचजवळ. मी कोपऱ्यात, हातात झाडूचा कोरडा लाकडी दांडा.

"काही झालं तर मला हात लावायचा नाही," दादा म्हणाले. "आधी मेन बंद. नाही जमलं तर दांड्यानं गिटार उडवायची. जोरात. गिटारची काळजी करायची नाही."

"टिकलीला शेजारी ठेवते," मी म्हटलं.

"नको. तिला बघू दे."

मला ते अजिबात पटलं नव्हतं. काही झालंच तर ही पोर काय बघेल? मी दांडा घट्ट धरला. तळहाताला इतका घाम की मध्येच वाटलं, आता हा दांडासुद्धा कोरडा कुठे राहिलाय. दादांनी केबल लावली. अ‍ॅम्पचं बटण दाबलं. लाल दिवा पेटला आणि तीच गुणगुण सुरू झाली, अगदी बारीक. त्यांचा डावा हात तारांच्या वर नुसता तरंगत होता. खाली येत नव्हता. मग टिकली सोफ्यावरून म्हणाली, "मोठेबाबा, मागची बाजू लावून बघा ना आधी."

त्यांनी बोटांची मागची बाजू तारांना लावली. मग बोटं टेकवली. खोलीभर एक सूर पसरला आणि खिडकीची काच थरथरली.

पुढचे काही आठवडे रोज थोडं थोडं. दांडा घेऊन मी उभी असायचेच. बोटं आखडलेली, चुकायची, पण तो मधला तुकडा त्यांच्या हातात कुठेतरी जिवंत होता. कंपनीच्या बाईंना त्यांनी स्वतः फोन केला. वाजवतो म्हणाले, पण ते रेकॉर्डिंग अल्बममध्ये नको. बाई म्हणाल्या, "ते मी त्याच दिवशी काढून टाकलं, सर. मी ते पुन्हा पूर्ण ऐकलं होतं."

कार्यक्रमाच्या दुपारी आम्ही सगळे हॉलवर गेलो. लहानसा हॉल, लाकडी स्टेज. साउंड बघणारा माणूस आडव्या अंगाचा आणि घाई नसलेला होता. त्याला घोगऱ्याचं सगळं ठाऊक होतं. त्यानं माइक आणि अ‍ॅम्प एकाच लाइनवर घेतले होते. मीटरची एक पिन माइकला लावली, एक तारांना, आणि आकडा दादांना दाखवला. शून्य.

दादांनी गिटार गळ्यात घातली, तार धरली आणि लगेच सोडली.

"झिणझिण्या येतायत."

साउंडवाल्यानं पुन्हा मीटर लावला. शून्य. केबल बदलली. बोर्ड बदलला. पुन्हा शून्य.

"येतायत," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तेव्हाही अशाच होत्या. तेव्हाही मला सांगितलं होतं, काही नाही म्हणून."

मी त्या माणसाकडे बघितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. "येत असतील, सर," तो म्हणाला. "मीटर म्हणतंय नाही, आणि तुमची बोटं म्हणतायत हो. मी तुमच्या जागी असतो तर मलाही आल्या असत्या. तुम्ही म्हणाल तर हे सगळं बंद करतो."

दादांनी स्टेजच्या फळ्यांवर पाय दाबून बघितला. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "टिकलीला बाहेर ने."

तेव्हा मला कळलं ते काय करणार आहेत. माइक आणि तारा एकाच वेळी हातात धरून बघणार. घोगऱ्यानं जे केलं होतं, तेच.

खरं सांगते, माझ्या मनात आलं की पुढे व्हावं आणि म्हणावं, मी लावते हात. आकडा मी डोळ्यांनी बघितला होता. शून्य म्हणजे शून्य, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलेय. पण पाय जागचे हलेनात. स्टेजच्या तीन पायऱ्या मला चढवेनात. दादांना भीतीवरून सुनावणारी मी, खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

दादांनी डावा हात तारांवर टेकवला. उजवा हात माइककडे नेला. मागची बाजू लावली. मग पालथा हात उताणा केला आणि मूठ मिटली.

त्यांचा खांदा उडाला.

साउंडवाल्याचा हात बटणावर होता, तो दाबणारच होता. एवढ्यात स्पीकरमधून दादांचा आवाज आला, हॉलभर, धापा टाकत.

"काही नाही. काही नाही. मीच दचकलो."

त्यांनी मूठ सोडली नाही. तसेच उभे राहिले, एका हातात माइक आणि दुसऱ्यात तारा, जणू हात काढला तर पुन्हा लावायचं धाडस होणार नाही. मी खाली बसले.

संध्याकाळी हॉल भरला. कंपनीवाल्यांनी घोगऱ्याची आठवण म्हणून स्टेजच्या मधोमध एक रिकामा माइक उभा केला होता. दादांनी तो काढायला लावला. गाणं सुरू झालं. अंधारातून तो घोगरा आवाज आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज तरुण होता आणि त्याच्या शेजारी वाजवणारा माणूस म्हातारा होत चाललेला. मधला तुकडा दादांनी चांगला वाजवला, एक सूर घसरला तेवढाच. टिकली माझ्या मांडीवर, नवरा माझा हात धरून, आणि तिघांची नजर दादांच्या बोटांवर.

शेवटची ओळ आली. आणि लोकांनी, ओळखीची ओळ म्हणून, गाणं संपायच्या आतच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

दादा थांबले. हात तारांवर तसाच, डोळे कुठेतरी लांब. रेकॉर्डिंगमधला आवाज एकटाच पुढे गेला. नवऱ्यानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तो उठू बघत होता, मी त्याला खाली खेचलं. टाळ्या वाढत होत्या. लोकांना वाटलं, हा मुद्दाम थांबलाय, मित्राला गाऊ देतोय. मग दादांनी मान झटकली, खाली बघितलं आणि जिथे आवाज पोचला होता तिथे त्याला गाठलं. शेवटचा सूर दोघांनी बरोबर सोडला.

घरी येताना गाडीत नवऱ्यानं विचारलं, "परत वाजवशील?"

"एवढ्यात विचारू नकोस," दादा म्हणाले. "अजून हात थंड आहेत."

अल्बम चांगला चालला. कार्यक्रमाची बोलावणी आली, ती दादांनी घेतली नाहीत. मात्र टायरच्या दुकानावरच्या खोलीत आता शनिवारी इलेक्ट्रिक गिटार शिकवतात. मुलं यायच्या आधी तास-दीड तास जाऊन एकेक जोडणी तपासतात, आणि पालकांना त्यात काही वेड्यासारखं वाटलं तर वाटू देतात. ते धाडसी झाले असं मी म्हणणार नाही. फ्रीज अजून पालथ्या हातानंच उघडतात.

टिकली दिवे लावते. शाळेत माउस धरते. घाईत असली की अनवाणी जाऊन बटण दाबते, आणि दाबून झाल्यावर एकदम थबकून स्वतःच्या पायांकडे बघते. तेव्हा मी स्वयंपाकघरात असले तर हातातलं काम करत राहते. माझं लक्ष नव्हतं, असंच दाखवते.